दवाखान्यातील मारहाण आणि आपण

(संस्थेच्या वर्धापनदिनी अंजनगाव सुर्जी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला 'आरोग्य आणि समाज' हा विषय दिला होता. विषय चांगला आहे. शुद्ध पाणी, व्यसनमुक्ती, व्यायाम, एवढे बोलून वीस मिनिटे सहज भरतात आणि कोणाचे मन दुखत नाही. परंतु गेली काही वर्षे एक गोष्ट आमच्या मनात घर करून बसली आहे. ती आपल्या माणसांत बोलायची नाही तर कोठे बोलायची, असा विचार करून आम्ही विषय थोडा आखडून घेतला. दवाखान्यात डॉक्टरांना जी मारहाण होते, तिच्याबद्दल आम्ही आज बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. बी. ए. होऊन बँकेत लागलेले कारकून आहोत. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रथम एक जुनी गोष्ट. ती आपल्याच घरातली आहे, विनयपिटकातील महावग्गात येते. राजगृहाचा वैद्य जीवक आपणां सर्वांना ठाऊक आहे. तो तक्षशिलेला सात वर्षे शिकला, बिंबिसार राजाचा वैद्य झाला, तथागतांवर आणि भिक्खुसंघावरही त्याने उपचार केले. उज्जयिनीचा राजा प्रद्योत कावीळीने आजारी पडला तेव्हा बिंबिसाराने जीवकाला त्याच्याकडे पाठविले. हा राजा इतका तापट की लोक त्याला चंडप्रद्योत म्हणत. जीवकाने तपासून सांगितले की तुपाशिवाय या रोगाला उपाय नाही. राजा म्हणाला, तूप सोडून वाटेल ते दे, तुपाची मला किळस आहे. आता वैद्याने काय करावे? जीवकाने औषधी घालून तूप असे शिजविले की त्याला रंग, वास आणि चव काढ्याची यावी. पण तो नुसता शहाणा वैद्य नव्हता, माणसे ओळखून होता. तूप पोटात गेले की ओकारी होणार, राजाला कळणार आणि तो आपला जीव घेणार, हे त्याने आधीच ताडले. म्हणून त्याने हुकूम मागून घेतला की वैद्याला मुळ्या-पाला आणायला वेळी-अवेळी जावे लागते, सबब मला हव्या त्या वाहनाने, हव्या त्या दरवाजाने, हव्या त्या वेळी जाऊ द्यावे. राजाला औषध पाजले आणि भद्दवतिका नावाच्या वेगवान हत्तिणीवर बसून त्याने तडक उज्जयिनी सोडली. मागे राजाला ओकारी झाली आणि जीवकाला धरून आणायला त्याने काक नावाचा दास धाडला. जीवकाने त्या काकाला अर्ध्या आवळ्यात कसे गुंडाळले ती हकीकत गमतीची आहे, पण वेळेअभावी सोडतो. शेवटी राजा बरा झाला आणि त्यानेच जीवकाला उंची वस्त्रांची जोडी पाठविली.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. औषध बरोबर होते, रोगी बरा झाला, तरीही वैद्याला जीव घेऊन पळावे लागले. जीवकाला हत्तीण तरी मिळाली. आजच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला एकट्या असलेल्या डॉक्टरला ती मिळत नाही, आणि तातडीच्या विभागाला दार बहुधा एकच असते.

अलीकडच्या घटना सांगायच्या तर पुष्कळ आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. ती एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली आणि १८ मे २०१५ रोजी गेली. केरळात कोट्टारक्करा येथे, म्हणजे आपल्यासारख्याच एका तालुक्याच्या रुग्णालयात, १० मे २०२३ रोजी डॉ. वंदना दास या तरुण डॉक्टरचा खून झाला. जखमेवर पट्टी करण्यासाठी पोलिसांनी आणलेल्या माणसाने तो केला. कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी काय झाले ते आपण सर्वांनी वाचले आहे. आपल्याच विभागात, यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जानेवारी २०२३ मध्ये उपचार घेत असलेल्या एका रुग्णाने निवासी डॉक्टरवर चाकू चालविला.

परंतु या सर्वांत आम्हाला धुळ्याची घटना जास्त लागते, कारण ती रोजच्यासारखी आहे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. कामावर होता हाडांच्या विभागातला एक निवासी डॉक्टर. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ तेथे नव्हता. याने तसे सांगितले, दुसरीकडे न्यावे लागेल म्हणाला, आणि नातेवाइकांनी त्याला असा मारला की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पुढे मुंबईच्या सायन रुग्णालयातही मारहाण झाली आणि राज्यातले सुमारे चार हजार निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले. त्या दिवसांत किती गरिबांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या असतील! उच्च न्यायालयात प्रकरण गेले, सरकारने सुमारे अकराशे सुरक्षा रक्षक देण्याचे कबूल केले. ते सर्व ठीक. पण त्या डॉक्टरचा गुन्हा काय होता? दवाखान्यात जे नाही ते नाही म्हणून सांगणे, एवढाच. आणि तसे सांगण्यासाठी तो तेथे हजर होता.

आता आमची गोष्ट. गावाचे आणि दवाखान्याचे नाव आम्ही सांगणार नाही.

साल २०१३, पावसाळ्याचे दिवस. आमच्या चुलतभावाचा चौदा वर्षांचा मुलगा शेतातल्या खोपडीत खाली अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे उठून म्हणाला, पोट दुखते, झोपेत कानाजवळ काहीतरी टोचल्यासारखे झाले. सूज नाही, रक्त नाही. मण्यार चावला की असेच असते हे आम्हाला नंतर कळले. त्याचा दात लागलेला कळतही नाही. थोड्या वेळाने पापण्या आपोआप मिटू लागतात, जीभ जड होते आणि शेवटी छातीचा भाता थांबतो. पोराला सरळ दवाखान्यात न्यायचे सोडून घरच्यांनी शेजारच्या गावी विष उतरविणाऱ्याकडे नेले. ज्या घराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या आहेत त्या घरातली ही माणसे! दोन तास तेथे गेले. मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात आणले. निरोप मिळाला तसे आम्हीही पोचलो.

डॉक्टर पंचविशी-सव्विशीतला, एकटा. त्याने विचारले, "किती वाजता चावला?" आम्ही, म्हणजे हा आपल्यापुढे उभा असलेला शिकलेला माणूस, म्हणालो, "आत्ताच. अर्धा तास झाला असेल." मांत्रिकाकडे गेलो होतो हे सांगायची लाज वाटली म्हणून खोटे बोललो. डॉक्टरने पोराच्या पापण्या उचलून पाहिल्या, आमच्या तोंडाकडे पाहिले, बोलला काही नाही. सर्पदंशाची लस सलाईनमधून सुरू केली. परंतु विषाने जे आधीच बधिर करून ठेवले असते ते लस लगेच जागे करू शकत नाही. तोपर्यंत श्वास चालू ठेवावा लागतो, आणि श्वासाचे यंत्र तेथे नव्हते. पोराचा श्वास मंदावला तसा डॉक्टरने त्याच्या तोंडावर मास्क दाबून धरला आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबायला लागला. म्हणाला, अमरावतीला हलवावे लागेल. दवाखान्याची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका राज्यात २०१४ साली आल्या, त्या तेव्हा नव्हत्या. खासगी गाडी पाहायला एकाला पिटाळले.

तोवर वीस-पंचवीस माणसे जमली. त्यांना काय दिसत होते? पोरगा जाऊन राहिला आहे आणि डॉक्टर फुगा दाबत बसला आहे. कोणीतरी ओरडले, "अबे, फुगा काय दाबून राह्यला, इंजेक्शन दे ना!" त्या फुग्यावरच पोराचा जीव चालला आहे हे सांगायला तेथे कोणी रिकामे नव्हते. डॉक्टरचे दोन्ही हात गुंतलेले, सिस्टर सलाईनपाशी. तिसरा माणूस त्या इमारतीत नव्हता. आणि त्या डॉक्टरची कॉलर धरून त्याला ज्या हाताने मागे ओढले, तो हात आमचा होता. मग बाकीच्यांनीही हात धुऊन घेतला.

पिशवी जमिनीवर पडली. ती सिस्टर आमच्या मोठ्या बहिणीच्या वयाची होती. माणसांच्या पायांतून वाकून तिने ती उचलली आणि दाबायला सुरुवात केली. मधे किती वेळ गेला? आम्ही रोज संध्याकाळी रोकड जुळविणारी माणसे, दहा रुपयांचा फरक राहिला तर घरी जात नाही. हा हिशेब मात्र आजपर्यंत जुळला नाही. दोन मिनिटे असतील, चारही असतील. गाडी आली, पोरगा अमरावतीला पोचला, त्याला यंत्रावर ठेवले, तिसऱ्या दिवशी तो गेला. मेंदूला प्राणवायू कमी पडला, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. कधी कमी पडला? मांत्रिकाच्या ओट्यावर, मोटारसायकलवर, की आम्ही कॉलर धरली तेव्हा? हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. आमच्या भावाला आम्ही हे इतकी वर्षे बोललो नव्हतो. काल रात्री त्याच्या घरी जाऊन सांगितले, मगच आज येथे उभे राहिलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "जेऊन जाय."

त्या डॉक्टरने पोलिसांत तक्रार दिली नाही. दिली असती तर आमची नोकरी राहिली नसती. काही महिन्यांनी तो तेथून निघून गेला आणि ती जागा पुष्कळ दिवस रिकामी राहिली. त्या काळात रात्री ज्यांच्या घरी कोणाला साप चावला असेल, कोणाचे पोट आले असेल, त्यांना दवाखान्यात कोण भेटले असेल?

यातले काही आमच्या डोक्यात शिरायला आणखी तीन वर्षे लागली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. आपण सर्वजण रांगेत होता, आम्ही काउंटरच्या आत होतो. खात्यातून आठवड्याला २४ हजार काढता येतात असे कागदावर होते. आमच्याकडे रोकड येत होती ती माणशी दोन हजार वाटली तरी दुपारपर्यंत संपत होती. कापूस विकलेला शेतकरी, मुलीच्या लग्नाचा बाप, सगळे खरे बोलत होते आणि आम्हीही खरे बोलत होतो की पैसे नाहीत. एका दुपारी एका गृहस्थांनी खिडकीतून हात घालून आमची कॉलर धरली. ओळखीचे होते, सज्जन होते. नोटा आम्ही बंद केल्या नव्हत्या, पाठवायच्या त्याही आमच्या हातात नव्हत्या. पण नोटा बंद करणारे आणि न पाठविणारे त्यांना भेटणार कोठे? काउंटरवर हजर आम्हीच होतो. त्या क्षणी आम्हाला तो पंचविशीतला पोरगा आठवला.

मंजूर जागा भरत नाही तो, यंत्राची मागणी फाईलीत ठेवतो तो, अंदाजपत्रकात आरोग्याचा आकडा कमी लिहितो तो, यांपैकी कोणाचीही कॉलर आजवर कोणी धरलेली आम्ही ऐकली नाही. ज्या डॉक्टरने खेड्यात नोकरी घेतलीच नाही त्यालाही कोणी मारत नाही. मार बसतो तो आलेल्याला. असे चालू राहिले तर येणार कोण, याचा विचार शहरातल्या श्रीमंतापेक्षा आपण जास्त केला पाहिजे. त्याला दुसरा दवाखाना आहे, आपल्याला हाच एक आहे.

कायदा आहे. महाराष्ट्रात २०१० सालीच तो झाला. वैद्यकीय सेवा देणाऱ्यावर हात उचलला किंवा दवाखान्याची मोडतोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि मोडलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. करोनाच्या साथीत २०२० साली केंद्रानेही साथरोग कायदा दुरुस्त करून साथीपुरत्या याहून कडक शिक्षा ठेवल्या. पण प्रामाणिकपणे सांगतो, त्या दिवशी आम्हाला २०१० चा कायदा माहीत असता तरी तो आठवला नसता. ज्याचे पोर समोर जात आहे त्याला कलमे आठवत नाहीत. तेव्हा त्याच्याजवळ उभे राहून दोन शब्द सांगणारा माणूस लागतो.

डॉक्टर सगळे देवमाणसे असतात असेही आम्हाला म्हणायचे नाही. गरिबाला पाहिल्याबरोबर एकेरीवर येणारे, केसपेपरवरचे आडनाव वाचून तोंड फिरविणारे, अनामत भरल्याशिवाय खाट न देणारे आपण पाहिले आहेत. त्यांच्या आपसातही सगळे आलबेल नसते. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणारी डॉ. पायल तडवी ही आदिवासी समाजाची मुलगी २२ मे २०१९ रोजी आपले जीवन संपवून गेली. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, गुन्हा दाखल झाला, प्रकरण न्यायालयात गेले. तोही डॉक्टरवरचाच हल्ला होता. हात न लावता केलेला, आणि आपल्याला चांगला परिचयाचा.

मग डॉक्टरची खरोखर चूक असेल तर काय करायचे? आमचा पेशा कागदाचा, म्हणून कागदाचेच सांगतो. रुग्णाच्या उपचाराची कागदपत्रे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हालाही नव्हते. पैसे घेऊन केलेल्या उपचाराबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते दवाखाने मात्र त्यातून बाहेर ठेवले. सरकारी दवाखान्याबद्दल जिल्हा शल्य चिकित्सकांकडे लेखी तक्रार करता येते, कोणत्याही डॉक्टरबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येते, माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. फौजदारी गुन्ह्याचीही वाट आहे. फक्त त्यासाठी आधी दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे, असे न्यायालयाने २००५ साली ठरविले. हे मार्ग लांबचे आहेत, चपला झिजतात, मान्य. पण परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बजावले होते की घटनेचे मार्ग मोकळे असताना दुसऱ्या मार्गांना समर्थन उरत नाही. ते भाषण आपण दर सव्वीस जानेवारीला आठवतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते लागू होते असे आमच्या कधी मनात आले नव्हते.

महावग्गातच आणखी एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. ही कथा आपल्या विहारांतून नेहमी सांगितली जाते. तिच्या पुढचा भाग मात्र आपण सहसा वाचत नाही. कोणत्या रोग्याची शुश्रूषा करणे कठीण, हे तेथे सांगितले आहे, आणि त्यात एक लक्षण असे की तो आपल्या दुखण्याची खरी स्थिती सांगत नाही. हे वाचताना "आत्ताच, अर्धा तास झाला" हे आमचे शब्द आमच्याच कानात वाजले.

याच तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या एका माणसाने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. गाडगेबाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ गरीब रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. दवाखान्यात रोग्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेला माणूस उपाशी, जागरणाने तांबारलेला, कोणाला काय विचारावे ते न कळणारा, व्हरांड्यात बसून असतो. बाबांनी त्याच्याकडे पाहिले. मारहाण करतो तो बहुतेक वेळा हाच माणूस, किंवा त्याच्या नावाने जमलेला गाव.

आम्ही संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या येथील ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना संस्थेने अर्ज द्यावा आणि त्यांची परवानगी मिळाली तर रोज रात्री संस्थेची दोन माणसे तेथे बसावीत. औषधात ढवळाढवळ करायची नाही, पुढारीपण करायचे नाही, दंडुका तर नाहीच. नातेवाइकांना पाणी द्यायचे, चहा आणून द्यायचा, गाडी लागली तर शोधायची. डॉक्टरला सवड झाली की त्याच्याकडून दोन वाक्ये समजून घ्यायची आणि बाहेर येऊन आपल्या बोलीत सांगायची, की भाऊ, तो फुगा नाही, त्याच्यावरच श्वास चालू आहे. आणि घरच्यांना बाजूला घेऊन विचारायचे, खरे किती वाजता झाले, आधी कोणाकडे नेले होते, तुम्हाला लाज वाटत असेल तर मी सांगतो डॉक्टरला. महिला मंडळाने बाळंतपणाच्या वॉर्डाचे पाहावे. तेथे पुरुषांचा उपयोग नाही. काही तरुण मित्र म्हणतील की हे सरकारचे काम आहे. आहेच. सरकारने जागा भराव्यात यासाठी निवेदन, धरणे, जे करायचे त्यात आम्ही पुढे राहू. पण जागा भरेपर्यंत रात्री होतच राहणार.

बाहेर दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. नाव आणि कोणता वार जमेल एवढेच लिहायचे आहे. सोमवारसमोर आम्ही आमचे नाव लिहिले आहे. दुसरी जागा रिकामी होती, आज सकाळी आमचा भाऊ येऊन तेथे आपले नाव लिहून गेला.

जयभीम.